आप्पांच्या प्रोग्रॅमच्या पोटात

माझ्यात एक वाईट खोड आहे. ‘आत काय आहे ते आता कळायला मार्ग नाही’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मिक्सर असो, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर असो नाहीतर कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम, मी आधी उघडते आणि मग बोलते. ही खोड मला आप्पांकडून आली, म्हणजे माझ्या वडिलांकडून. आप्पा आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात होते. कारखान्याचं नाव राहू द्या. तिथे कपाटाएवढं एक यंत्र होतं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवणारं. अशा यंत्रांना मिडरेंज म्हणतात, कारण ती टेबलावर मावत नाहीत आणि त्यांना अख्खी इमारतही लागत नाही. आप्पांनी त्या यंत्रावर जन्म काढला आणि मी पुण्यात जाऊन त्याच जातीच्या यंत्रांवर पंधरा वर्षं पोट भरलं. आईचे गुडघे बोलायला लागले तेव्हा मी गावी परतले. आता वरच्या खोलीत बसून तेच काम करते.

कारखान्यातला आप्पांचा सगळ्यात लाडका प्रोग्रॅम म्हणजे तोडणीच्या क्रमाचा. कुणाचा ऊस कधी तोडायचा याची यादी तो काढायचा. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी, असा साधा नियम, आणि बेण्यासाठी राखलेला ऊस मात्र शेवटी. साधा म्हणते खरी, पण आमच्याकडे या यादीवरून भाऊ भावाशी बोलायचे बंद होतात. ऊस वेळेत तुटला नाही तर उभ्या उभ्या वाळतो, वजन जातं, आणि पुढच्या पिकाला रान मोकळं होत नाही. म्हणून आप्पा त्या प्रोग्रॅमला कुणाला हात लावू देत नसत.

आणि गंमत अशी की आमचा स्वतःचा ऊस दरवर्षी सगळ्यात शेवटी तुटायचा. दरवर्षी म्हणजे दरवर्षी. एप्रिल निम्मा सरला, कारखान्याची धुराडी थंड व्हायला आली, की मग तोडीवाले आमच्या बांधावर यायचे. याचा राग आप्पांनी शेतकी काकांवर काढला. हे आप्पांचे शाळेतले दोस्त, आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून राहणारे, कारखान्याच्या शेतकी विभागात गटाचे प्रमुख. शेतात टोळी धाडायचं काम त्यांचं. मुद्दाम मला मागे ठेवतो, असं आप्पांनी एकदा मनात घेतलं ते घेतलंच. आधी चहा बंद झाला, मग बोलणं. शेतकी काकांच्या मुलीच्या लग्नात आप्पा मांडवात गेले, अक्षता टाकल्या आणि न जेवता परत आले. आमच्याकडे यापेक्षा मोठा अपमान करायचा तर फार कष्ट घ्यावे लागतात.

गेल्या वर्षी कारखान्याने ते जुनं कपाट बंद करायचं ठरवलं. पुण्याच्या एका कंपनीचा इंजिनिअर नवं सॉफ्टवेअर बसवायला आला. चांगला माणूस, हळू बोलणारा, जेवायला बोलावलं की ताटात काही न टाकणारा. त्याने जुने प्रोग्रॅम तपासायला घेतले. इथे थोडं समजून घ्या. माणूस जे लिहितो त्याला सोर्स म्हणतात. यंत्र ते वाचून स्वतःच्या भाषेत उतरवतं, त्याला कंपाइल करणं म्हणतात, आणि रोजचं काम हा उतरवलेला प्रोग्रॅमच करतो. इंजिनिअरने तोडणीच्या प्रोग्रॅमचा सोर्स घेऊन पुन्हा कंपाइल केला आणि वापरातल्या प्रोग्रॅमशेजारी ठेवला. वापरातला थोडा मोठा भरला. म्हणजे त्याच्या आत असं काहीतरी होतं जे सोर्समध्ये नव्हतं. जुन्या हंगामांची नोंद होती टेपवर, आणि टेप वाचायचं मशीन केव्हाच मेलेलं. त्याने प्रामाणिकपणे अहवालात लिहिलं की आत काय आहे ते आता कळायला मार्ग नाही.

झालं! दोन दिवसांत गावभर झालं की आप्पांनी प्रोग्रॅममध्ये काहीतरी लपवलंय, भाऊबंदांचा ऊस पुढे काढायला. पण त्यांचा स्वतःचा तर शेवटी असतो, असं कुणी म्हटलं, तर त्यावरही उत्तर तयार होतं. तेच तर डोकं, संशय नको म्हणून स्वतःचा मागे ठेवायचा. वा रे वा! माणसाला रिकामा वेळ मिळाला की काय काय सुचतं. मी दूधवाल्याशी भांडले, किराणावाल्याशी भांडले. आई म्हणाली, आता फक्त म्हशीशी भांडायची राहिलीस.

मला हे सगळं जास्तच लागलं. त्याला कारण होतं. दर हंगामाला बॉयलर पेटवताना एका जोडप्याच्या हातून पूजा होते, आणि त्या वर्षी कारखान्याने निवृत्त माणूस म्हणून आप्पांना आणि आईला सांगितलं होतं. आईने शहाद्याहून जांभळी पैठणी आणून ठेवली होती. रोज कपाट उघडून ती जागेवर आहे ना बघायची. अहवाल आला आणि ऑफिसातून निरोप आला की पूजेचं जरा थांबून बघू. जरा थांबून! आप्पांनी निरोप ऐकला, टोपी घातली आणि शेतात निघून गेले. आईने पैठणीवर जुनी चादर घातली. पूजेला आठ दिवस होते.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच स्कूटी काढून कारखान्यात गेले आणि इंजिनिअरला विचारलं, मार्ग नाही म्हणजे काय. तो बिचारा म्हणाला, मॅडम, सोर्स हरवला की कंपाइल झालेला प्रोग्रॅम बंद डबाच असतो. मी म्हटलं, डबा असेल, पण झाकण आहे त्याला. मला चार दिवस ते कपाट द्या. ऑफिसने दिले, बहुतेक मी जावं म्हणूनच दिले.

आता हे आप्पांचं श्रेय. यंत्र प्रोग्रॅम उतरवतं तेव्हा त्याच्या पोटात बरंच काही टिपून ठेवतं. बियाण्याच्या थैलीला टॅग शिवलेला असतो ना, कुठला लॉट, कधी तपासला, तसंच. शिवाय लिहिणाऱ्याने आत कुठली नावं वापरली, कुठले आकडे पक्के ठेवले, हेसुद्धा त्यात असतं. जागा वाचवायची तर ही माहिती काढून टाकता येते. एकदा डिस्क भरली होती तेव्हा सगळे आप्पांच्या मागे लागले होते की काढून टाका, प्रोग्रॅम तरीही चालतो. आप्पा हटले नाहीत. पोटातलं काढून घेतलं तर उद्या त्याला काही विचारायचं झालं तर तो बोलणार कसा, असं ते म्हणाले. त्यांनी त्याऐवजी आठवडाभर बसून जुन्या फायली निवडल्या आणि जागा केली. तेव्हा त्यांना लोक चेंगट म्हणाले होते.

पहिल्या दिवशी मी नुसता टॅग वाचला. त्यासाठी एक साधी आज्ञा असते, ती दिली की पडद्यावर सगळी जन्माची माहिती येते. ती मी दोनदा वाचली. वापरातला प्रोग्रॅम आम्हाला सापडलेल्या सोर्सवरून बनलेलाच नव्हता. तो बनला होता आप्पांच्या स्वतःच्या चाचणीच्या कप्प्यातून, सोर्सच्या शेवटच्या तारखेनंतर आठ दिवसांनी. बनवणाऱ्याचं नाव आप्पांचंच. तो कप्पा कधीच पुसला गेला होता. म्हणजे आत जास्तीचं जे काही होतं ते आप्पांनीच घातलं होतं, दुसऱ्या कुणी नाही.

घरी आले तर आप्पांनी डोळ्यांनीच विचारलं. मी म्हटलं, अजून बघतेय. जेवताना मी आडून विचारून पाहिलं की चाचणीच्या कप्प्यातून कधी काही थेट वापरात नेलं होतं का. ते म्हणाले, छे, असं कुणी करतं का, आणि भाकरी मोडत राहिले. मला त्यांचा राग आला आणि राग आल्याची लाजही वाटली. खरं सांगते, त्या दोन दिवसांत मीसुद्धा थोडी गावासारखी झाले. बापाला ओळखते की नाही, असं स्वतःला विचारायची पाळी आली.

टॅगच्या पुढे साधी आज्ञा जात नाही. तिथून पुढे यंत्राच्या अगदी तळाच्या भाषेत उतरावं लागतं, जिथे एकेक सूचना हाताने लिहायची आणि यंत्रालाच विनवायचं की बाबा, ह्या प्रोग्रॅमचा साचा माझ्यासमोर मांड. मी दोन दिवस खपून असा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्यांदा चालवला तर त्याने मलाच बाहेर फेकलं. दुसऱ्यांदा त्याने नुसते आकडे ओकले. इंजिनिअर शेजारी खुर्ची ओढून बसला होता. त्याचा अहवाल खोटा पडेल याचं त्याला काही नव्हतं, उलट मजा वाटत होती. तिसऱ्यांदा पडद्यावर नावांची यादी उतरली.

नावं सहा अक्षरांच्या आत मावतील अशी, रोमन लिपीत. इंजिनिअर म्हणाला, ही कसली तरी सांकेतिक नावं दिसतात. मी हसायलाच लागले. अहो, मन्हा, मांगे, बठ्ठा, आते! सगळी अहिराणी. माझा, मागे, सगळा, आता. शाळेत मराठी, कागदावर इंग्रजी, पण एकटा बसून विचार करताना माणूस घरच्याच बोलीत करतो. आप्पांनी यंत्राच्या पोटात आमची ओसरी नेऊन ठेवली होती. मी एकेक नाव मोठ्याने वाचलं, अर्थ सांगितला, आणि पुण्याच्या त्या माणसाने ते वहीत उतरवून घेतलं.

मग पक्क्या आकड्यांची यादी आली आणि माझं हसणं जागीच थांबलं. दोन्ही प्रोग्रॅमच्या याद्या मी शेजारी शेजारी लावल्या होत्या. सगळं जुळत होतं, फक्त वापरातल्यात एक आकडा जास्त होता. आमच्या गावाचा कोड आणि पुढे गट नंबर एकशे बेचाळीस. हा आकडा मला सातबाऱ्यावर बघायची गरज नव्हती. विहिरीच्या कठड्यावर आप्पांनी तो स्वतः रंगवलाय. आमचंच शेत. आप्पांच्या प्रोग्रॅममध्ये आप्पांच्या शेताचा नंबर! गावाला यापेक्षा मोठा पुरावा काय हवा होता. मी उठले, माठातलं पाणी प्याले आणि दाराशी उभी राहिले. बाहेर बैलगाड्यांच्या टोळ्या उतरायला लागल्या होत्या, बायका पाल ठोकत होत्या. वाटलं, पडदा बंद करावा आणि सांगावं की हो, कळायला मार्ग नाही. पण आप्पांनी पोटातलं जपून ठेवलं ते काय मी पाठ फिरवावी म्हणून?

परत येऊन बसले. आता आकडा कुठे वापरलाय ते बघायचं राहिलं होतं. सूचना समोरासमोर लावून एकेक ओळ खाली उतरत गेले. शेकडो सूचना तंतोतंत सारख्या. आणि मग एका जागी तीन सूचना जास्तीच्या. पहिली म्हणत होती, गट नंबर हा आहे का बघ. दुसरी, नसेल तर पुढे जा. तिसरी, असेल तर हा ऊस बेण्यासाठी राखलेला धर. म्हणजे सगळ्यात शेवटी.

मी ते तीनदा वाचलं. इंजिनिअरने एकदा वाचलं आणि हळूच विचारलं, “मॅडम, म्हणजे सरांनी स्वतःलाच शेवटी टाकलंय?” आणि मग आम्ही दोघं असे हसलो की शेजारच्या खोलीतून दोन कारकून बघायला आले. मला हसता हसता रडू आलं. आप्पांची बेइमानी शोधायला निघालेल्या यंत्राने काढलं काय, तर वीस वर्षं या माणसाने स्वतःच्याच उसाला उन्हात उभं केलं!

इंजिनिअरने तिथल्या तिथे अहवाल बदलला, तीन सूचनांचा कागद जोडला आणि ऑफिसात नेऊन दिला. मी तोच कागद घेऊन घरी गेले. आप्पा ओसरीवर दोरी वळत होते. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून खाली उतरले, एकशे बेचाळीसवर बोट थांबलं. मग कपाळावर हात मारून घेतला आणि सगळं आठवलं.

झालं होतं असं. पहिल्या हंगामात राखलेल्या उसाचा नियम तपासायचा होता, पण तोपर्यंत तशी नोंद एकाचीही आली नव्हती. तपासणीसाठी कुणाचा तरी नंबर घालावा लागणार होता. दुसऱ्याचा कसा घालायचा? चुकून राहिला तर त्याचा ऊस उभा राहील, पाप लागेल. म्हणून आप्पांनी स्वतःचा घातला. नंतर कारखाना ठरल्यापेक्षा आधी सुरू झाला, धावपळीत चाचणीतलाच प्रोग्रॅम वापरात गेला, आणि चुकून राहिला तर काय होईल हे त्यांनी जे ओळखलं होतं तेच झालं. फक्त पाप लागलं नाही, कारण नंबर घरचा होता.

आई आतून पीठभरल्या हातांनी आली. मी सांगितलं तसं तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “म्हंजे ह्या बठ्ठा तुन्हा बापना उद्योग शेतस?” हे सगळे तुझ्या बापाचेच उद्योग आहेत का! आप्पांनी मान खाली घातली. पण आईच्या तोंडावरचं हसू मला दिसत होतं. ती आत गेली आणि कपाटाचा आवाज आला. चादर निघाली.

आप्पा तेवढ्यात उठले, टोपी घातली, कागद घडी करून खिशात ठेवला. मला वाटलं ऑफिसात निघाले. ते निघाले तीन गल्ल्यांपलीकडे. मी मागोमाग गेले, मला कोण अडवणार. शेतकी काका अंगणात शेंगा निवडत होते. इतक्या वर्षांनी आप्पांना दारात बघून त्यांचे हात तसेच राहिले. आप्पांनी कागद पुढे केला आणि म्हणाले, “यादी मन्हीच चुकेल व्हती. तुन्हा काही दोष नई.”

काकांना त्या तीन ओळींतलं काही कळायचं कारण नव्हतं. त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, “मी तुले तव्हयच सांगेल व्हतं, यादी मशीन काढस, मी नई. तूच बोलना, मन्हं मशीन चुकत नई.” मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, आणि तूच म्हणालास माझं मशीन चुकत नाही. आप्पा खाली बसले, सुपातल्या शेंगा पुढे ओढल्या आणि निवडायला लागले. काकू आत चहा ठेवायला गेल्या. जाता जाता म्हणाल्या की लेकीच्या लग्नातलं एक जेवण बाकी आहे, ते आज वसूल करते.

पूजेचा निरोप दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, आता थांबायचं काही कारण नव्हतं. ऑफिसचा मोठा साहेब स्वतः घरी आला, अवघडला, चहा प्याला. पूजेला आई जांभळी पैठणी नेसून आप्पांशेजारी अशी ताठ बसली की गुडघे दुखतात कुणाला वाटलं नसतं. आप्पांचं लक्ष मंत्रांत नव्हतं, ते बॉयलरकडे बघत होते. हार घालायला शेतकी काका पुढे आले तेव्हा दोघं म्हातारे एकमेकांकडे बघून हसले आणि गुरुजींना क्षणभर थांबावं लागलं. मला फार फार बरं वाटलं.

राहिला होता एकशे बेचाळीस. इंजिनिअरने विचारलं, नव्या प्रोग्रॅममध्ये हा नंबर अर्थातच नको ना. आप्पा म्हणाले, अर्थातच नको. पण आई मध्ये बोलली. नको कसा? आमच्या बांधावर टोळी शेवटी येते, म्हणजे हंगाम आमच्याकडे संपतो. तोडीवाली माणसं तिथूनच सामान बांधून तळोद्याला जातात आणि जीप धरून डोंगरातल्या आपल्या गावी. निघायच्या दिवशी आई सगळ्यांना मांडे आणि आमरस वाढते, शेवटच्या गाडीला फुलं बांधते. हे वीस वर्षं चाललंय. सुरुवातीला आईच्या कडेवर बसून जेवलेली एक मुलगी आता स्वतःचं लेकरू घेऊन येते आणि आधी आईच्या पाया पडते, मग कोयता काढते. पहिल्या महिन्यात ऊस तुटला तर ही माणसं शेवटी कुठे जेवतील, असा आईचा सवाल होता. आप्पांनी वजनाचं काढून बघितलं, पण आईपुढे वजन टिकलं नाही.

मग आम्ही सगळं रीतसर केलं. तोड उशिरा हवी असेल त्याने अर्ज द्यायचा, तो सर्वांना दिसेल असा नोंदवायचा, असा उघड नियम नव्या प्रोग्रॅममध्ये आला. पहिला अर्ज आप्पांचा. ओसरीवर बसून त्यांनी गाव लिहिलं, गट नंबर लिहिला आणि कारणाच्या रकान्याशी येऊन थांबले. इतकी वर्षं फुकट उन्हात उभा राहिलेला ऊस, मोडलेली दोस्ती, गावाचं बोलणं, सगळं त्या एवढ्याशा चौकटीत कसं मावणार, असं त्यांना झालं असावं. आईने आतूनच सांगितलं, “लिखा, घर पाव्हना येतस.”

आप्पांनी तसंच लिहिलं. घरी पाहुणे येतात.